साहेब आता मुलांना वेळ देणार

बोनस खात्यात जमा झाला की पुष्कळ बापांना आपल्याला मुलं असल्याची आठवण होते. एप्रिल-मे हा या आठवणीचा हंगाम. मग लिंक्डइनवर एक पोस्ट पडते. फोटोत समुद्र, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला पाठमोरा बाप आणि त्याचं बोट धरलेली पाठमोरी पोर. मजकूर ठरलेला. अठरा वर्षं, चार कंपन्या, अकरा देश, आणि परवा लेकीनं विचारलं, "बाबा, तू आमच्याकडे किती दिवस राहणारेस?" त्याच क्षणी ठरवलं, बास. खाली चारशे जण टाळ्या पिटतात. ज्या साहेबानं याच माणसाची, याच पोरीच्या गॅदरिंगसाठी मागितलेली रजा 'क्लायंट येतोय' म्हणून उडवली होती, तोही 'प्राउड ऑफ यू' लिहून जातो. पुढं हात जोडलेले इमोजी.

फोटो कोणी काढला, हे पोस्टमध्ये नसतं. तो पोरीच्या आईनं काढलेला असतो. तिनं नोकरी केव्हाच सोडलीय. पोर सात महिन्यांची असताना, पाळणाघरातून तिसऱ्यांदा ताप घेऊन आली त्या आठवड्यात. तिच्या राजीनाम्यात समुद्र नव्हता. एचआरच्या मुलीनं फॉर्मवर 'पर्सनल रीझन'च्या चौकटीत खूण केली, आयडी कार्ड आणि लॅपटॉप जमा करून घेतला, चार्जरची पिन वाकलीय म्हणून फुल अँड फायनलमधून पैसे कापले आणि विषय मिटला. घरी सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता पोरीकडं नीट लक्ष देता येईल." म्हणजे तोवर ती काय करत होती, हे विचारायचं नसतं.

'कुटुंबाला वेळ द्यायचाय' या कारणाचं पेटंट खरं तर ब्रिटिश मंत्र्यांकडं जातं. मार्गारेट थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळातले रोजगारमंत्री नॉर्मन फाउलर यांनी जानेवारी १९९० मध्ये याच कारणासाठी राजीनामा दिला. तेव्हापासून तिकडं हे वाक्य इतकं रुळलं की, मंत्र्यानं बायकामुलांचं नाव काढताच पत्रकार खरं कारण शोधायला धावतात. फाउलरसाहेबांच्या मुली तेव्हा खरंच लहान होत्या, त्यामुळं शंका घेणं बरं नव्हे. १९९२ मध्ये ते पक्षाचे अध्यक्ष झाले, एवढंच. पुढं टोनी ब्लेअर यांचे आरोग्यमंत्री ॲलन मिलबर्न जून २००३ मध्ये कुटुंबासाठी गेले आणि सप्टेंबर २००४ मध्ये मंत्रिमंडळात परतले. पंधरा महिन्यांत पोरं हातावेगळी! आमच्याकडं एवढ्या वेळात केजीच्या ॲडमिशनचा निकाल लागत नाही.

आपला नेता असल्या भानगडीत पडत नाही. मुलांना वेळ देण्यासाठी राजकारण कशाला सोडायचं? मुलांनाच राजकारणात आणावं. थोरल्याला जिल्हा बँक, धाकट्याला दूध संघ, लेकीला जिल्हा परिषद, जावयाला कारखान्यात संचालकपद. अख्खं कुटुंब एका व्यासपीठावर आणि एका फ्लेक्सवर, नातू कडेवर. इतका क्वालिटी टाइम कुठल्या सीईओला जमलेला नाही. घर आणि काम यांचा तोल कसा सांभाळावा, यावर तासाला हजारो रुपये घेऊन बोलणाऱ्यांनी एकदा पश्चिम महाराष्ट्राचा दौरा करावा.

अमेरिकेतली पिमको ही गुंतवणूक क्षेत्रातली अवाढव्य कंपनी. तिचे सीईओ मोहम्मद एल-एरियन यांनी दहा वर्षांच्या लेकीला दात घासायला सांगितलं. ती ढिम्म. दोनदा, तीनदा सांगून झालं. बापानं सूर चढवला, की पूर्वी माझ्या आवाजावरून तुला कळायचं. पोर म्हणाली, थांबा जरा. आत गेली आणि कागद घेऊन आली. बाबांनी कामापायी चुकवलेल्या गोष्टींची यादी होती. शाळेचा पहिला दिवस, फुटबॉलची पहिली मॅच, पालकसभा असं करत करत एकूण २२. साहेबांनी २०१४ मध्ये पद सोडलं आणि पुढं हा किस्सा स्वतःच लिहिला. इंदिराबाईंचा कार्यक्रमसुद्धा वीस कलमीच होता. ही पोर दोन कलमं पुढं गेली. मला या गोष्टीत बापापेक्षा लेकीचं कौतुक जास्त. यादी तयार ठेवायची आणि बाहेर काढायची ती नेमकी दात घासायच्या वेळी, हे अंग उपजतच लागतं. आपल्याकडच्या मुलींनी अशा याद्या केल्या तर दोनशे पानी वह्या पुरणार नाहीत, आणि वही दाखवली की आईच म्हणेल, "बाबांशी असं बोलतात का? ते राबतात कुणासाठी?"

रॉबर्ट राइश यांची गोष्ट मात्र थट्टेत घालवावीशी वाटत नाही. ते क्लिंटन यांचे कामगारमंत्री. १९९३ मध्ये अमेरिकेत कौटुंबिक रजेचा कायदा झाला. बारा आठवडे, तेही बिनपगारी. तो राबवायचं काम यांच्याच खात्याकडं. लोकांच्या रजेची अशी व्यवस्था लावता लावता एका संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला, की आजही उशीर होईल. धाकटा म्हणाला, कितीही उशीर झाला तरी मला उठवा. कशाला? तर तुम्ही घरी आलात, एवढं मला कळलं पाहिजे. १९९६ च्या अखेरीस राइशनी मंत्रिपद सोडायचं जाहीर केलं. देशाच्या कामगारमंत्र्याला आपल्या मुलांसाठी नोकरीच सोडावी लागते, तिथं बाकीच्या कामगारांनी बारा बिनपगारी आठवड्यांत काय काय बसवायचं?

क्रिकेटनं तर याचा प्रयोगच करून दाखवला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेला आणि कर्णधार विराट कोहली ठरल्याप्रमाणं बायकोच्या बाळंतपणासाठी घरी निघाला. केवढा गहजब! देश आधी की पोर आधी, यावर चहाच्या टपऱ्यांवर परिसंवाद झडले. जुन्याजाणत्यांनी दाखला काढला, की १९७६ मध्ये रोहन जन्मला तेव्हा गावसकर परदेश दौऱ्यावर होते, त्यांनी लेकाचं तोंड नंतर पाहिलं. कोहली गेला. अजिंक्य रहाणेनं मेलबर्न मारलं, जानेवारीत ब्रिस्बेनही मारलं, मालिका २-१. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोहित शर्मा मुलाच्या जन्मामुळं पर्थच्या कसोटीला नव्हता. बुमराच्या हाताखाली आपण २९५ धावांनी जिंकलो. रोहित परतला आणि पुढच्याच कसोटीत ॲडलेडला दहा गडी राखून हरलो. यावरून कर्णधारांनी बाळंतपणं वाढवावीत, असा निष्कर्ष मी काढत नाही. पण 'मी नसलो तर ऑफिस कोसळेल' असं घरी सांगणाऱ्यांनी हे धावफलक फ्रेम करून लावावेत.

सरकारी खात्यात बाप कोणाला म्हणायचं, याची व्याख्या पक्की आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना उभ्या नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते. २०१८ च्या अखेरीस ती पुरुषांनाही खुली झाली. कोणत्या पुरुषांना? तर एकट्या. म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. आपलं राज्य सरकार त्याहून कनवाळू. जुलै २०१८ च्या निर्णयात त्यानं महिलांना १८० दिवस दिले, पत्नी नसलेल्या पुरुषांना दिले आणि ज्याची पत्नी असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली आहे त्यालाही दिले. म्हणजे बायको धडधाकट आणि हिंडती-फिरती आहे तोवर शासनाच्या लेखी माणूस बाप होत नाही. समजा पोराला कांजिण्या आल्या आणि कारकुनानं अर्ज टाकला, तर आस्थापना शाखेचा पहिला प्रश्न असणार, "मिसेस कशा आहेत?" एरवी आपण याला आपुलकी समजतो. इथं "बऱ्या आहेत" म्हटलं की अर्ज नामंजूर.

केंद्रातल्या बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, हे खरं. बारसं बाराव्या दिवशी धरलं तर तीन दिवस वर उरतात, त्यात केटररचा हिशेब होतो.

खाजगीत २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा १२ आठवड्यांची २६ झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं, आणि आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा मिळाली. बापाला एकदाही नाही, कारण बाप त्या कायद्यात नव्हताच. हेतू चांगला होता. पण ईएसआयमध्ये न बसणाऱ्या बाईचा रजेतला पगार पूर्णपणे मालकाच्या खिशातून. मालकानं यातून धडा घेतला. मुलाखतीत 'लग्न ठरलंय का?' असं विचारणं आता असभ्य झालंय, म्हणून 'पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?' असं विचारतात आणि उत्तर ऐकताना गळ्याकडं बघतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं वेळेच्या वापराची पाहणी जाहीर केली. १५ ते ५९ वयातल्या बायकांपैकी ४१ टक्के रोज घरातल्यांची देखभाल करतात, म्हणजे मुलं, म्हातारे, आजारी. पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्या बायका दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात, करणारे पुरुष सुमारे ७४. ही ७४ मिनिटं करणाऱ्या पुरुषांची आहेत बरं का. पाचातले चार जण या हिशेबात येतच नाहीत. ते बहुधा पोस्टखाली टाळ्या वाजवत असतात.

आमच्या सोसायटीच्या बी विंगमधल्या साहेबांनी मात्र मुलांसाठी राजीनाम्याचं पाऊल खरंच उचललं. मिसेस बँकेत, त्यांची नोकरी चालू. साहेब घरी. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भोगला. त्यातले निम्मे दिवस केटीत गेले, म्हणजे आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवण्यात. शिकून झाल्यावर त्या दुसऱ्यानंही राजीनामा टाकला, पण ते असो.

पहिल्या सोमवारी साहेबांनी फ्रिजवर पांढरा बोर्ड लावला. तीन रकाने. करायचंय, चाललंय, झालं. डबा, वॉटर बॅग, युनिफॉर्मची इस्त्री, धाकट्याचं जंताचं औषध अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या मधल्या रकान्यात अडकल्या. रात्री जेवताना 'आज काय चांगलं झालं, काय सुधारता येईल' यावर प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, असं ठरलं. धाकटा म्हणाला, भेंडी सुधारता येईल. साहेबांच्या आईनं आठ वर्षं ही दोन्ही पोरं बोर्डाशिवाय वाढवलेली. तिनं दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या काढून तिथं पुन्हा कालनिर्णय लावलं. मला लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मुलगा घरी असतो हे चांगलंच हो. पण दुपारी मालिका लावली की येऊन बसतो आणि म्हणतो, आई, आपण स्क्रीन टाइम कमी करू या का? मी म्हटलं, तू ऑफिसात काय भिंतीकडं बघायचास?"

खरी गंमत शाळेची. तिसरी-बीच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, नाव 'मॉम्स ऑफ थ्री-बी'. साहेबांनी ॲडमिनबाईंना रीतसर मेसेज केला, की यापुढं मी बघणार आहे, मला ॲड करा. उत्तर आलं, "भाऊ, सगळ्या लेडीज आहेत ना ग्रुपवर. वहिनींना सांगते, त्या तुम्हाला फॉरवर्ड करतील." झालं. मग शाळेचा निरोप बाईंकडून ग्रुपवर, ग्रुपवरून बँकेतल्या आईकडं आणि तिथून सोफ्यावरच्या बापाकडं असा प्रवास करू लागला. 'उद्या पिवळा घोटीव कागद आणणे' हा निरोप दुपारी बाराला निघाला. आईनं तो कॅश जुळल्यावर पाहिला आणि बापाला कळलं तेव्हा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यानं शटर ओढलं होतं. साहेबांनी अकरा देशांत माल पोचवला असेल, पिवळा घोटीव कागद नाही.

एकदा धाकट्याला वर्गात उलटी झाली. शाळेनं फोन लावला आईला. ती म्हणाली, "त्याचे बाबा घरीच आहेत, शाळेपासून पाच मिनिटांवर. त्यांना लावा ना." तिकडून बाई म्हणाल्या, "हो का? बरं. पण मॅडम, तुम्हाला नाही का येता येणार?"

थोरलीला वेळ द्यायचा तर तिच्याकडं तो असायला हवा. सकाळी सातला व्हॅन, दोनला घरी, तीनला ॲबॅकस, साडेचारला स्विमिंग, सहाला कथक, मंगळवार-शुक्रवार कोडिंग, शनिवारी ऑलिम्पियाडची तयारी. हे सगळे क्लास साहेबांनीच लावलेले, आपण घरी नसतो, पोर रिकामी राहू नये म्हणून. शोधता शोधता रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ मोकळे निघाले. तेव्हा साहेब झोपलेले असतात. शेवटी त्यांनी सुचवलं, "कथक बंद करू या का? तेवढ्यात आपण दोघं फिरायला जाऊ." पोरगी म्हणाली, "आधी आईला विचार."

एक गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर जमा करायला हवी. त्या दिवसांत धाकटा सायकल शिकला. पार्किंगमध्ये पडला, गुडघा फुटला आणि पहिल्यांदाच "आई गं" ऐवजी "बाबाऽ" म्हणून बोंबलला. वरून गॅलरीतून मिसेसनी हे ऐकलं. खाली वाकून पाहिलं आणि शांतपणे आत जाऊन चहा प्यायल्या, गरम. शेजारणींना हे त्या पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या, चहा गरम होता हे विशेष करून.

दिवाळीच्या आत साहेबांनी कन्सल्टन्सी सुरू केली, घरूनच. बेडरूमचं दार बंद असतं आणि दारावर पाटी आहे, 'बाबा कॉलवर आहेत, आवाज करू नये.' अक्षर थोरलीचं.

अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन यांनी २०१८ मध्ये पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा म्हणाले की मुलांनी मला फक्त वीकेंडचा बाप म्हणून ओळखू नये. वीकेंडचा! आमचा कोकणातला चाकरमानी वर्षातून दोनदा बाप व्हायचा, शिमग्याला आणि गणपतीला. पोरं गावी आजीकडं, हा लालबागच्या गाळ्यात आणि खानावळीत. त्याच्या हळहळीवर कुणी लेख लिहिला नाही. एसटीनं जादा गाड्या सोडल्या.

महाराष्ट्रात बापांनी एकगठ्ठा घरी बसण्याची एक मोठी घटना १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाली. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तीन पाळ्यांत फिरणारे, पोरांना बहुतेक वेळा झोपलेलंच पाहणारे बाप परळ-लालबागच्या एकेका खोलीत दिवसभर पोरांसमोर. वेळच वेळ. कित्येकांना पुन्हा गिरणीत घेतलंच नाही. बायका मिळेल त्या कामाला लागल्या, पोरांच्या शाळा सुटल्या, कित्येक बाप गावाकडं गेले. त्या वेळेला क्वालिटी टाइम म्हणायचं कुणाला सुचलं नाही. हल्लीच्या पोस्टमधला समुद्र इतका निळा दिसतो त्याचं कारण फ्लॅटचा ईएमआय फिटलेला असतो.

आणि बीडकडं बघा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारं जोडपं मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' असतं. उचल अंगावर, ती फिटल्याशिवाय राजीनामा नाही, नोटीस पिरियडही नाही. पोराला फडात न्यायचं किंवा गावात आजीच्या आणि हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर ठेवायचं. फडात नेलं तर पोर चोवीस तास आईबापाच्या डोळ्यांसमोर राहतं. शाळा तेवढी बुडते. यांचा फोटो कुणी काढलाच तर तो दुष्काळाच्या बातमीत छापतात.

आता कामाच्या तासांच्या बोलीकडं वळू. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं म्हणणं बाहेर आलं. त्यांनी बोली ९० वर नेली, रविवारसकट. घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा सवाल होता. ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ १३ तास. त्यात हिंजवडीचा चौक जाऊन-येऊन धरा. बायकोकडं बघण्याचा प्रश्न आपोआप मिटतो. मुलांचा विषय साहेबांनी काढला नाही, ते शहाणपणाचं. एवढ्या तासांनंतर मुलं झोपलेलीच सापडतात, आणि झोपलेल्या पोराकडं कितीही वेळ बघत बसलं तरी ते यादी काढत नाही.

या नव्वदवाल्यालाही आपल्याकडं मान आहे आणि राजीनामावाल्यालाही. एकाला शाल मिळते, दुसऱ्याला निरोपाचा केक. मान नाही तो तिसऱ्याला, रोज सहाला बॅग उचलणाऱ्याला. काम संपवून, लॅपटॉप मिटून, डब्याची पिशवी घेऊन तो उठला की शेजारचा घड्याळाकडं बघत म्हणतो, "काय, आज हाफ डे?" सकाळी साडेआठला हाच माणूस दिवे लावत आला होता, तेव्हा शेजारचा घरी अंघोळ करत होता. पण सकाळचे तास आपल्याकडं धरत नाहीत. वर्षाअखेरी याच्या ॲप्रेझलमध्ये 'ओनरशिप कमी' असं येतं. बाई असेल तर तेवढंही लिहावं लागत नाही, सगळ्यांनी ते धरलेलंच असतं. सातचा कॉल तिला न विचारता टाकतात. ती तो रिक्षातून घेते, घरी पोचेपर्यंत मुद्दे मांडते, चपला काढता काढता आकडे सांगते, आणि मग पलीकडून कुणीतरी म्हणतं, "तुझ्या बाजूनं नॉइज येतोय, म्यूट कर ना." तो नॉइज म्हणजे "आई, शी झाली" असतो.

म्हणून मला राजीनाम्याचं फारसं कौतुक नाही. तो एकदाच द्यायचा असतो, टाळ्या एकगठ्ठा मिळतात. सहाला उठायचं म्हणजे रोज उठायचं, रोज ते "हाफ डे?" ऐकायचं आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचं. अठरा वर्षांत एकदाही जो सहाला उठला नाही, तो एकोणिसाव्या वर्षी एकदम नोकरीतूनच उठतो. त्याच्या खुर्चीत दुसरा बाप येऊन बसतो, आणि रात्री दहाचे मेल त्याला सुरू होतात. साहेबांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी तरी आईबाप असतील. त्यांच्यापैकी कितीजणांना साहेबांनी सहाला जाऊ दिलं, हे त्या समुद्राच्या फोटोखाली एकदा विचारायचं माझ्या मनात होतं. पण तिथं अभिनंदनाखेरीज काही लिहिलं की लोक म्हणतात, तुम्ही फार निगेटिव्ह आहात.

जूनचा तिसरा रविवार हा फादर्स डे. रविवारी ऑफिस बंद, म्हणून ओळखीतल्या एकाच्या कंपनीनं तो शुक्रवारीच उरकला. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला, उपस्थिती आवश्यक. एका समुपदेशक बाईंनी स्लाइड दाखवून सांगितलं, की मुलांना महागडी खेळणी नकोत, तुमचा वेळ हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाऊण तासानं मागच्या रांगेतला एक जण वाकून, खुर्च्यांच्या आडून दाराशी पोचला. एचआरनं अडवलं.

"कुठं निघालात?"

"पोराला क्लासवरून आणायचंय, सुटला असेल."

"अहो, थांबा ना जरा. 'बेस्ट डॅड'चे मग वाटायचे राहिलेत."